बोट उचलल्यावर

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, भर दुपारच्या उजेडात लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोडही बोललेले नाही. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने वाचनालयातल्या ताईंना विचारावे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही. माझे यजमान वारले आहेत. त्यांना मी आयुष्यभर ‘हे’ म्हणत आले, इथेही तसेच लिहीन. ते वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवत.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची अरुंद गॅलरी, माझी एकुलती एक लेक छबी हिला द्यावे. राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, तिची मर्जी. भिंतींना वाईट वाटत नाही. न्हाणीघराचे दार उचलून लोटावे लागते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. मला लग्नानंतर आठवडाभर कोणी सांगितले नव्हते.

कलम २. बँकेतली ठेव आणि कपाटातले दोन दागिनेही छबीचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जावयांनी करावी. जावई मितभाषी आहेत. लग्न ठरले तेव्हा मला मुलगा मुकाच वाटला होता. पुढे कळले, छबीसमोर कोणालाच संधी मिळत नाही. तिला लहानपणी बोलू न दिल्याचा हा परिणाम आहे. त्याबद्दल पुढे येईल.

कलम ३. शिवणयंत्र, त्याचे स्टूल, दोऱ्यांचा डबा आणि मोठी कात्री माझ्याकडे काजे करायला येणारीला द्यावी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तिने दुसरे दुकान धरले असते. कात्रीने कागद कापलेला आढळल्यास हे कलम रद्द समजावे.

कलम ४. पुढच्या खोलीतली जाड सतरंजी खालच्या मजल्यावरच्या काकूंना द्यावी. यांचा सराव सुरू झाला की या काकू काठीने छत ठोकत. त्यासाठी एक काठी त्यांनी वेगळी राखून ठेवली होती. हे म्हणत, “ठेका चुकतोय बाईंचा, नाहीतर वाद्यवृंदात घेतलं असतं.” सतरंजी आम्ही त्यांच्यासाठीच आणली, पण काकूंचे समाधान झाले नाही. हे गेल्यावर मात्र ठोकणे बंद झाले. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “अगं, हल्ली अगदीच शांत असतं गं तुमच्याकडे.” मी म्हटले, “हो.” 

कलम ५. माझे शिक्षण चौथीपर्यंत. पुढचे वाचन कापडे गुंडाळून येत त्या वर्तमानपत्रांवर झाले. बातमी अर्ध्यातच फाटलेली असे, तिचे पुढे काय झाले असेल ते मी शिवता शिवता ठरवत असे. मग वाचनालय लावले. माझी स्वतःची पुस्तके एका फळीत मावतात, ती वाचनालयाने न्यावीत. अपवाद एकच, यांच्या सिंथेसायझरबरोबर आलेले इंग्रजी माहितीपुस्तक. ते आणले त्या दिवशी हे म्हणाले, “कोण वाचतंय ते? दाबून बघू.” दाबून बघता बघता यंत्र मुके झाले. मग मी वाचनालयातून शब्दकोश आणला आणि माहितीपुस्तक पहिल्या पानापासून लावले, शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहीत. हे पुस्तक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्यांना द्यावे. ते का, हे कलम ७ मध्ये आहे.

कलम ६. आता ते सिंथेसायझर. माझ्या मिळकतीत भांडण होईल अशी वस्तू ही एकच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ज्याच्या हाती पडेल त्याला ती काय आहे ते कळले पाहिजे.

लोक त्याला पेटी म्हणतात. पेटीत भाता असतो, आत वारा फिरतो. याच्या आत असे काही नाही. कोणाचा आवाज भरून ठेवलेलाही नाही. आत फक्त आकडे आहेत आणि त्या आकड्यांवरून आवाज दर वेळी नव्याने तयार होतो. मूळ माल अगदी साधा आहे. ओठांनी हलकी शीळ घालावी तशी एक गुळगुळीत लहर, अशा सहा. एकेकटी ऐकली तर कंटाळा येईल. पण एका लहरीने दुसरीला हलवले की दुसरीला कडा फुटतात. थोडे हलवले की बासरी, जास्त हलवले की घंटा, फारच हलवले की पत्र्यावर खिळा. गंमत अशी, की जी हलवते ती स्वतः ऐकूच येत नाही. ऐकू येते ती हललेली.

हे मी वाचून दाखवले तेव्हा हे खूश झाले. “म्हणजे आपला संसारच की! वाजतो मी, हलवतेस तू.”

“आणि पत्र्यावर खिळा?”

“तुझा भाऊ राहायला येतो ना, तेव्हा.”

दुसरी गोष्ट आवाजाच्या चालीची. पट्टी दाबल्यावर आवाज किती वेगाने चढावा, किती उतरावा, बोट असेपर्यंत कुठे टिकावा आणि बोट उचलल्यावर कुठे जावा, हेही आकड्यांनीच ठरवायचे. शेवटचा आकडा शून्य ठेवतात. बोट उचलले की आवाजाने जायचे. पटकन जा नाहीतर रेंगाळत जा, पण जायचे. तो आकडा शून्य करायचा राहिला तर आवाज जातच नाही. वाजवणारा उठून पाणी प्यायला गेला तरी तो मागे चालूच राहतो.

आमची कामाची पद्धत अशी होती. हे पुढच्या खोलीत यंत्रापाशी, मी मागच्या खोलीत शिवणयंत्रावर, त्यांच्याकडे पाठ करून. ते आकडे फिरवत, पट्टी दाबत आणि विचारत, “आता?” मला सूर-तालातले कळत नव्हते. मला कापड कळत होते. मी म्हणे, “अस्तर नाही.” म्हणजे ते खालचा भरणा वाढवत. “कांजी जास्त झाली,” म्हटले की आवाजाची सुरुवात मऊ करत. “कडेला धागे लोंबताहेत,” म्हटले की शेपूट कापत. यंत्रात बत्तीस आवाज मावतात आणि खिडकीसारख्या छोट्या पडद्यावर त्यांची नावे उमटतात. यांच्या यंत्रात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट अशी नावे नव्हती. मलमल, साटीन, धुतलेली चादर, उलटी शिवण अशी होती. सगळा वाद्यवृंद तेच बोलायला लागला. कार्यक्रमात गाणारी बाई म्हणायची, “दादा, या गाण्याला साटीन नको, मलमल द्या.”

या सगळ्यात छबीला गप्प बसावे लागे. “श्श, बाबा आवाज लावताहेत,” हे वाक्य तिने आईच्या अंगाईपेक्षा जास्त ऐकले असेल. पळायचे नाही, भांडे वाजवायचे नाही, मैत्रिणी आणायच्या नाहीत. मोठी झाल्यावर ती एकदा म्हणाली, “आई, तुम्हाला एकच मूल होतं आणि त्याला बत्तीस आवाज होते.” मी टीप मारत होते. पाय थांबला तेवढा.

पुढे यांचे कान गेले. आधी वरचे, बारीक सूर गेले. पाखरे, दाराची घंटा, उकळत्या पाण्याची शीळ. ज्याला वरचे ऐकू येत नाही तो वरचे वाढवत बसतो. यांचे आवाज टोचायला लागले. घरी मी “टाचणी राहिली आहे,” असे ओरडून सांगत असे, पण कार्यक्रमात मी नसे. एका समारंभात बँडमास्तरांनी सर्वांदेखत वाजवणे थांबवले आणि म्हटले, “दादा, तुम्ही खाली बसा आता. लोक कानावर हात ठेवताहेत.” हे खाली बसले. यंत्र खांद्यावर घेऊन चालत घरी आले. मला म्हणाले, “मास्तर खरं बोलला. पण जरा हळू बोलायचं.” आणि मग स्वतःच हसले, “हळू बोलला असता तर मला ऐकू आलं नसतं.”

ते हसले. मी हसले नाही. मास्तरांविषयी कलम ७ पाहावे.

छबीच्या बाळंतपणाला मी तिच्याकडे गेले, तेव्हा यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हते. परत आले त्या संध्याकाळी हे दारात उभे. बॅग हातातून घेतली आणि म्हणाले, “एक शिवून ठेवलंय. तू नव्हतीस, मापं न घेताच शिवलंय. बसतंय का बघ.”

मी खुणेने म्हटले, आत्ता ऐकते.

“छे गं. दमून आलीस. घाई काय आहे? उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना इस्पितळात न्यावे लागले. ते तिथून घरी आले नाहीत.

सगळी माणसे पांगल्यावर एका दुपारी मी यंत्र लावले. आवाजांचे शेवटचे, बत्तिसावे घर नेहमी रिकामे असायचे. त्यात आता आकडे होते, नावाची जागा तेवढी कोरी. मी मधली एक पट्टी दाबली. मी टाचणीसाठी कान तयार ठेवले होते. टाचणी नव्हती. मलमल होती, मलमलीला अस्तर होते, कांजी अगदी बेताची. मी इतकी वर्षे मागच्या खोलीतून जे जे सांगितले ते सगळे त्यात होते आणि लावणाऱ्याला त्यातले काही ऐकू आलेले नव्हते.

मी बोट उचलले. आवाज गेला नाही. बारीक झाला, आणि तसाच राहिला. शेवटचा आकडा शून्य करायचा राहून गेला होता. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाज संपला की नाही हे कसे कळणार? मी स्वतःला फसवत नाही. त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी न संपणारा आवाज ठेवला असे छबीच्या सासूबाईंना वाटते, त्यांना वाटो. मी माहितीपुस्तक वाचले आहे. ती चूक आहे. आकडा कुठे आहे आणि कोणते बटण दाबायचे हे मला ठाऊक आहे. मी ते दाबलेले नाही.

त्यानंतर रोज शिवायला बसताना मी ती पट्टी दाबते आणि मागच्या खोलीत जाते. खोलीत माणूस असावे, पण बोलत नसावे, तसा तो राहतो. काम उरकले की खटका बंद करते. पहिल्याच आठवड्यात खालून काठी वाजली. ठक, ठक. मी हातातली बाही खाली ठेवली. किती दिवसांनी या घरात कोणीतरी मला काहीतरी सांगत होते.

मग एक दिवस यंत्राच्या खिडकीत अक्षरे आली: बॅटरी बदला. दुरुस्तीवाल्यांना बोलावले. त्यांनी समजावले, यंत्र बंद असताना आकडे आतल्या एका लहान बॅटरीच्या जिवावर टिकतात. ती संपली की सगळे पुसले जाते. बदलायची तर आधी आकडे बाहेर काढून ठेवायला हवेत. त्यासाठी कार्ट्रिज लागते, काडेपेटीएवढी डबी. हल्ली ती मिळत नाही.

“तुमच्याकडे होती ना, वहिनी?”

“होती. मास्तरांकडे आहे.”

छबी फोनवर म्हणाली, “आई, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव आणि ते धूड विकून टाक. मला नको आहे ते.” तिचे चुकले नाही, पण फोनमध्ये एका दिवसाचा आवाज राहील. यंत्रात तो कसा जन्मावा हे राहते. बोट हळू ठेवले तर एक, जोरात ठेवले तर दुसरा. रेकॉर्डिंगला बोट लावता येत नाही.

कलम ७. बँडमास्तर. यांना खाली बसवल्यानंतर कार्ट्रिज मास्तरांकडेच राहिले आणि त्यातले आवाज घेऊन त्यांचा वाद्यवृंद पुढे वाजत राहिला. मलमलीचे कौतुक झाले की मास्तर मान लववत. मी कधी मागायला गेले नाही. माझा राग शाबूत होता आणि मला तो कमी करायचा नव्हता. पण बॅटरी माझ्या रागाची वाट पाहणार नव्हती. निरोप पाठवला.

मास्तर आले. केस रंगवलेले, धाप लागलेली. डबी खिशातून काढून यंत्रावर ठेवली. म्हणाले, “द्यायचीच होती, वहिनी. तोंड नव्हतं.” मग, “त्याचं शेवटचं काय आहे ते ऐकू का?”

मी पट्टी दाबली आणि सोडली. थोडा वेळ गेला. मास्तरांचा हात बटणांकडे गेला.

“शेवटचा आकडा राहिलाय. दोन मिनिटांचं काम आहे, मी करून—”

“मास्तर, हात मागे.”

“अहो, पण हा थांबतच नाही!”

“तुम्हाला कुठं जायची घाई आहे?”

मास्तर बसले. मग म्हणाले, “कान गेल्यावर केलंय हे?”

“हो.”

“मग अस्तर कुठून लावलं हो त्यानं?”

 मास्तरांनी रुमाल काढून घाम पुसला. पंखा त्यांच्याच डोक्यावर फिरत होता.

दुरुस्तीवाल्यांनी आकडे डबीत उतरवले, बॅटरी बदलली, आकडे परत आत घातले. बत्तिसावा जसाच्या तसा आला, चुकीसकट. तेही निघताना म्हणालेच, “शून्य करून देऊ का?” त्यांनी विचारले, परस्पर केले नाही. म्हणून माहितीपुस्तक त्यांना.

पहिले एकतीस आवाज मास्तरांनी आपल्या यंत्रात उतरवून घेतलेले आहेत, ते त्यांनी पूर्वीप्रमाणे वापरावेत. मात्र कोणी कौतुक केले तर मान लववण्याआधी यांचे नाव घ्यावे. बत्तिसावा त्यांना नाही. याशिवाय त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही नाही, आणि ते तसेच राहावे म्हणून मी त्यांना या कागदावर साक्षीला बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे मी वाचलेले आहे. हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सहीही मीच करायची आणि हातही मीच हलवत जायचं?”

“हो.”

“दादा गेला, पण टाचणी ठेवून गेला,” असे म्हणून ते हसले. या वेळी मीही थोडी हसले. राग मात्र पूर्ण फिटलेला नाही, तो माझ्याबरोबर जाईल.

कलम ८. सिंथेसायझर, कार्ट्रिज, स्टँड आणि वायर छबीला द्यावी. तिला ते नको आहे हे मला माहीत आहे. म्हणून या कलमात हुकूम नाही, सांगणे आहे, आणि ते फक्त तिला आहे.

छबे, बॅटरी काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागेल. दुरुस्तीवाले नसले तर त्यांच्याकडचे पुस्तक मागून घे. शेवटचा आकडा कोणालाही शून्य करू देऊ नकोस. एवढेही जमणार नसेल तर विक, मी वर बसून डोळे वटारणार नाही. पण विकायच्या आधी एकदा हे कर.

दुपारी, याच घरात तुम्ही सगळे असताना, यंत्र लाव. बत्तिसावा आवाज काढ. मधली एक पट्टी हळू दाब, जोर लावू नकोस. बोट उचल. तो राहील. थोडा वेळ ऐक, तुला वाटेल तेवढाच.

मग माझ्या नातीला मांडीवर घे आणि दोघी मिळून बडवा. हव्या त्या पट्ट्या, मूठ, कोपर, काहीही. तुला कोणी श्श म्हणणार नाही. या यंत्रात एका वेळी सोळा स्वर मावतात. सतरावी पट्टी दाबली की सगळ्यांत जुना स्वर जागा सोडून देतो. त्याला कोणी बंद करावे लागत नाही, जागा लागली की तो आपण होऊन जातो. तो जाईल, आणि तुमचे सोळा घरभर राहतील, बोटे उचलली तरी.

खालून काठी वाजेल. वाजू दे. नंतर खुशाल वायर काढ. बॅटरी नवी आहे, काही पुसले जात नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहून, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना कलम ८ मध्ये पाणी प्यायला थांबले, एवढेच. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली, शिवणाचे टेबल.
दिनांक: ज्याने त्याने आपल्या सहीखाली आपल्या हाताने घातला आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी, शिवणवाली

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:

(सही) वाचनालयातल्या ताई

(सही) बँडमास्तर. सही करताना पुढच्या खोलीत आवाज चालू होता. मी हात लावलेला नाही.